जुन्या लिव्हर-रायफलीचे साल कसे ठरवावे?

१/
शनिवार पेठेतील एखादा जुना वाडा पाडावयास निघाला आहे, अशी कल्पना करा. माळ्यावरून सामान उतरते आहे. तांब्याची घंगाळी, पंचांगांचे गठ्ठे, मोडी कागदांचे रुमाल आणि गोणपाटात गुंडाळलेली एक गंजकी रायफल. तिच्या चापाभोवती खाली लोंबणारा लोखंडी दांडा आहे. आजोबा म्हणतात, "ही पेशवाईतली." काका म्हणतात, "छे, सत्तावन्नच्या धामधुमीतली." आत्या सांगते, "वासुदेव बळवंतांच्या बंडातली, असे आमची आजी म्हणायची." तिघांपैकी खरे कोणाचे? मित्रहो, आजचा धागा याच प्रश्नावर.

२/
आधी एक गोष्ट, जिच्यापुढे इतिहासही दुय्यम आहे. असे शस्त्र प्रत्यक्ष सापडले, तर ते उचलू नये, लिव्हर ओढून पाहू नये. शंभर वर्षे पडून असलेल्या नळीतही काडतूस असू शकते. जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे आणि त्यांच्या समक्षच पुढचे पाहावे. साल ठरविण्याचे काम डोळ्यांनी, भिंगाने आणि छायाचित्रांनी होते. त्यासाठी बंदूक चालवावी लागत नाही.

३/
लिव्हर-रायफल म्हणजे काय? चापाच्या संरक्षक कडीलाच जोडलेला दांडा खाली ओढायचा की रिकामे काडतूस बाहेर पडते. दांडा वर घेतला की नळीचे तोंड पुन्हा बंद होते. हिची दोन घराणी आहेत. एक अमेरिकन. नळीखालच्या नळकांड्यात अनेक काडतुसे भरलेली असतात आणि प्रत्येक हिसक्यासरशी पुढचे काडतूस आपोआप वर येते. विंचेस्टर हे तिचे प्रसिद्ध नाव. दुसरे ब्रिटिश, मार्टिनी-हेन्री. तिच्यात लिव्हर आहे, पण काडतुसांचा साठा नाही. प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते.

४/
एवढ्यावरच आजोबांचा दावा निकालात निघतो. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते १७ नोव्हेंबर १८१७ रोजी. दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती जून १८१८ मध्ये. विंचेस्टरची पूर्वज असलेल्या हेन्री रायफलीचे पेटंट मात्र १६ ऑक्टोबर १८६० चे, आणि मार्टिनी-हेन्री ब्रिटिश सैन्याने स्वीकारली ती १८७१ साली. म्हणजे पेशवाई संपल्यानंतर अर्धशतक. काकांचेही तसेच. सत्तावन्नमध्ये गाजली ती १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड. तोंडाकडून दारू ठासायची, लिव्हर नसलेली.

५/
आत्याबाईंचा दावा मात्र असा सहज मोडत नाही. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड १८७९ चे. त्या वर्षी जुलैमध्ये ते पकडले गेले. तोवर दोन्ही घराण्यांच्या लिव्हर-रायफली जगात होत्या. तेव्हा नुसत्या जातीवरून निकाल लागत नाही. आता बंदुकीच्या अंगावर काय कोरले आहे, ते वाचावे लागते.

६/
सर्वांची नजर प्रथम क्रमांकावर जाते. विंचेस्टर १८७३ मध्ये तो लिव्हरच्या मागे, दस्त्याकडे जाणाऱ्या खालच्या लोखंडी पट्टीवर असतो. मॉडेल १८९४ मध्ये तो मधल्या पोलादी सांगाड्याच्या तळाशी, पुढच्या बाजूस असतो. पण क्रमांक म्हणजे तारीख नव्हे. क्रमांक फक्त क्रम सांगतो. अमुक एक सांगाडा तमुक सांगाड्याच्या आधी आला की नंतर, इतकेच. त्या क्रमाचे सालात रूपांतर करण्यासाठी दुसरे काहीतरी लागते. ते म्हणजे कारखान्याची वही.

७/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. पेशवे दफ्तरातील एखाद्या पत्राखाली "इसन्ने सबैन मया व अलफ" असे असते. दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७२. हा आकडा एकटा मुका आहे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, मृगापासून सुरू होणारे वर्ष लक्षात घ्यायचे, मग तो १७७१-७२ असे बोलतो. चंद्र आणि महिना दिला असेल तर जंत्री उघडावी लागते. बंदुकीचा क्रमांकही असाच आहे. त्याची जंत्री म्हणजे कारखान्याच्या नोंदी.

८/
विंचेस्टरचा कारखाना अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन येथे होता. तेथे प्रत्येक मॉडेलची बहुधा स्वतंत्र क्रमांक-मालिका असे. मॉडेल १८७३ ची मालिका एकपासून सुरू होऊन सुमारे ७ लाख २० हजारांपर्यंत गेली. पण अपवादही आहेत. मॉडेल १८६६ चे क्रमांक एकपासून सुरू झालेच नाहीत. ते हेन्री रायफलीच्या मालिकेतूनच, साडेबारा हजारांच्या आसपासून पुढे चालले. म्हणून क्रमांक वाचण्याआधी मॉडेल ओळखावे लागते. चुकीच्या जंत्रीत बरोबर आकडा शोधला, तरी उत्तर चूकच येते.

९/
आता नवशिक्यांचे दोन नेहमीचे सापळे. पहिला, मॉडेलचे नाव. "मॉडेल १८९४" हे नाव आहे, जन्मसाल नव्हे. न्यू हेवनमध्ये ती रायफल २००६ पर्यंत, म्हणजे एका शतकाहून अधिक काळ बनत राहिली. दुसरा सापळा पेटंटच्या तारखांचा. मॉडेल १८७३ च्या नळीवर २९ मार्च १८६६ आणि १६ ऑक्टोबर १८६० या तारखा कोरलेल्या असतात. त्या वाचून "ही १८६० ची" असे म्हणणे म्हणजे पुस्तकावरील मूळ लेखकाचे जन्मसाल पाहून आवृत्तीचे वर्ष सांगण्यासारखे आहे.

१०/
मॉडेल १८९४ च्या मालिकेत काही पायऱ्या पक्क्या आहेत. दहा लाखावी रायफल १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट देण्यात आली. पंधरा लाखावी १९४८ मध्ये ट्रुमन यांना आणि वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना. या पायऱ्यांतील अंतर पाहा. पहिल्या पाच लाखांना २१ वर्षे लागली, कारण मध्ये महामंदी आली आणि नंतर महायुद्धामुळे शिकारी बंदुकांचे उत्पादन थांबले. पुढच्या पाच लाखांना जेमतेम पाच वर्षे पुरली. म्हणून दोन पायऱ्यांमधला आकडा त्रैराशिकाने सोडवता येत नाही. कारखाना घड्याळासारखा चालत नसतो.

११/
आता गुंता वाढतो. विंचेस्टरच्या वह्या दोन प्रकारच्या आहेत. एक, सांगाड्यावर क्रमांक कधी ठोकला त्याची, पॉलिशिंग विभागाकडील नोंद. दुसरी, तयार रायफल गोदामात कधी आली आणि कधी रवाना झाली याची खतावणी. या तारखा एकच असतीलच असे नाही. क्रमांक ठोकलेले सांगाडे फळीवर पडून राहत आणि मागणी येईल तसे जोडले जात. त्यामुळे मोठ्या क्रमांकाची रायफल लहान क्रमांकाच्या आधी बाहेर पडू शके. जुन्या कागदांपैकी जे उरले, ते आज वायोमिंगमधील कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात आहेत. क्रमांक कळविला की ते नोंदींचा उतारा देतात. त्यात या तारखा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात.

१२/
हा केवळ छांदिष्टांचा वाद नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ च्या अखेरपर्यंत बनलेली बंदूक "पुरातन" ठरते आणि तिला बरेच नियम लागू होत नाहीत. संग्राहकांच्या हाती दीर्घकाळ असलेल्या छापील कोष्टकांचा आणि पॉलिशिंग विभागाच्या नोंदींचा मेळ काही मॉडेलांत बसत नाही. एकाच क्रमांकाचे साल दोन ठिकाणी वेगळे निघते. सीमेवरच्या वर्षातील रायफलीचे भवितव्य मग कोणती वही प्रमाण मानायची यावर ठरते. बखर की अस्सल पत्र, हा आपला जुना वाद तिकडे पोलादावर चालतो.

१३/
आपल्या माळ्यावरची रायफल मात्र विंचेस्टरपेक्षा मार्टिनी-हेन्री असण्याचा संभव अधिक. कारण तिचा संबंध ब्रिटिश साम्राज्याच्या लष्कराशी होता. फ्रीडरिश फॉन मार्टिनी या स्विस अभियंत्याची खटक्याची रचना आणि एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्री यांचे नळीतील आटे, असे हे जोडनाव आहे. (विंचेस्टरचे हेन्री वेगळे, ते बेंजामिन टायलर हेन्री. नावांची ही गल्लत करू नये.) २२ जानेवारी १८७९ च्या इसांडलवानाच्या लढाईत झुलूंसमोर ब्रिटिश शिपायांच्या हाती हीच रायफल होती.

१४/
मार्टिनीच्या बाबतीत क्रमांकाची जंत्री फारशी उपयोगी पडत नाही. सरकारी कारखाना आणि खाजगी कंपन्या यांच्या मालिका वेगळ्या होत्या. पण येथे लष्कराने आपले काम सोपे केले आहे. सांगाड्याच्या उजव्या बाजूस मुकुट, त्याखाली राणी व्हिक्टोरियाची "व्ही. आर." ही अक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुन्याचा रोमन आकडा असे ओळीने ठोकलेले असते. एनफिल्ड हे सरकारी कारखान्याचे नाव. खाजगी कंपन्यांची नावे आद्याक्षरांत, उदाहरणार्थ बी. एस. ए. किंवा एल. एस. ए.

१५/
तो रोमन आकडाही साक्षीदार आहे. पहिला नमुना १८७१ चा, दुसरा १८७७ चा, तिसरा १८७९ चा. समजा साल झिजून गेले आहे आणि फक्त "तीन" शिल्लक आहे. १८७९ मध्ये विलायतेत मंजूर झालेला नमुना त्याच वर्षी जुलैपूर्वी दख्खनच्या डोंगरात बंडवाल्यांच्या हाती पोहोचणे शक्य नाही. म्हणजे एका आकड्यावर आत्याबाईंची कथा मावळते. मात्र सावध! पहिल्या नमुन्याच्या अनेक रायफली पुढे सुधारून दुसऱ्या नमुन्यात बदलल्या गेल्या. आकडा नवा, पण देह जुना, असेही घडते.

१६/
आता समजा, साल स्पष्ट वाचता आले: १८७४. तरी ती १८७४ मध्ये भारतीय शिपायाच्या हाती होती असे म्हणता येईल का? नाही. सत्तावन्ननंतर इंग्रजांनी एक अलिखित दंडक पाळला. हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने शस्त्र ठेवायचे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या रणावर हे उघड दिसले. एकाच सैन्यात गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होती, तर मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर पलटणीकडे जुनी स्नायडर.

१७/
पुढे हिंदी पलटणींना मार्टिनी मिळाली. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीच्या ठाण्यात ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान लढून मेले ते मार्टिनीच्याच बळावर. पण तोवर गोऱ्यांकडे अनेक काडतुसे मावणारी ली-मेटफर्ड आली होती. म्हणून "बनविली कधी", "येथे आली कधी" आणि "त्या घरात शिरली कधी" हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. ठोकलेले साल फक्त पहिल्याचे उत्तर देते. कौटुंबिक कथा सहसा तिसऱ्याविषयी असते. चुका होतात त्या पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला चिकटविल्यामुळे.

१८/
नकलांचाही बंदोबस्त करावा लागतो. वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदमखेलचे कारागीर हातांनी हुबेहूब मार्टिनी घडवीत, खुणांसकट. पण इंग्रजी अक्षरओळख नसल्याने कुठे "एन" उलटा पडतो, कुठे एनफिल्डचे स्पेलिंग चुकते. सर्वांत बोलका पुरावा तारखेचा. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी निवर्तली. "व्ही. आर." च्या खाली १९०५ साल दिसले, तर ते कोणत्याही सरकारी कारखान्याचे काम नव्हे. मात्र अशी नक्कलही खोटी म्हणून फेकून देऊ नये. तिला सरहद्दीचा स्वतःचा इतिहास आहे.

१९/
आणि अंगावरचे आकडे देवनागरी असतील तर? आपला मराठी जीव लगेच "ही आपल्या संस्थानातली" म्हणून हरखतो. घाई नको. नेपाळने स्वतः लिव्हरची रायफल बनविली होती, सेनापती गहेंद्र शमशेर यांच्या नावाची गहेंद्र रायफल. तिच्यावरील खुणा देवनागरीत आहेत. शिवाय शस्त्रागारात घोडीवरची जागा दाखविणारे आकडेही बंदुकीवर ठोकले जात. तो कारखान्याचा क्रमांक नव्हे. लिपी ओळखीची आहे म्हणून बंदूक आपल्या गावची ठरत नाही.

२०/
मग तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोठे? कागदात. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरविले. युरोपियनांना मात्र सूट होती. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या भेदाविरुद्ध ठराव केला. कायदा अपमानास्पद होता खरा, पण त्याने इतिहासकारासाठी नकळत एक दफ्तर निर्माण केले. परवाना, त्याचे नूतनीकरण आणि त्यावर लिहिलेले शस्त्राचे वर्णन. वाड्यातील बंदुकीपेक्षा तिच्या शेजारच्या ट्रंकेतील पिवळा परवाना अधिक मोलाचा असू शकतो.

२१/
क्रमांक आणि वही एकत्र आली की काय घडते, याचे उदाहरण बंगालमध्ये आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रोडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांनी लांबविली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि त्याची नोंद कंपनीकडे होती. पुढे कोणाकडे पिस्तूल सापडले की पोलीस ती नोंद काढीत आणि हे त्या पन्नासांपैकीच आहे असे सांगत. वही नसती, तर ते पन्नास निनावी लोखंडाचे तुकडे राहिले असते.

२२/
एक साक्षीदार पुण्याच्या जवळचाही आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथे बनलेल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर "के. एफ." ही इंग्रजी अक्षरे आणि सालाचे आकडे दिसतात. अनेक मार्टिनी रायफलींची नळी पुढे .३०३ ची करण्यात आली आणि त्या बदलाची खूण वेगळी ठोकली गेली. पोलीस तपासणीत बंदुकीसोबत असे काडतूस निघाले, तर ती निदान त्या सालापर्यंत कोणाच्या तरी वापरात होती, एवढे अनुमान बांधता येते. त्याहून अधिक नाही.

२३/
आता आपल्या काल्पनिक रायफलीकडे परतू. भिंगाखाली "एनफिल्ड, १८८६" असे दिसले, तर आत्याबाईंची कथा तिथेच संपली. फडके यांचा अंत १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात झाला होता. पण "१८७६" दिसले तर? तर कथा खोटी ठरली नाही. खरीही ठरली नाही. लोखंड एवढेच सांगते की, "मी त्यापूर्वी नव्हते." खुणा आणि क्रमांक दावा मोडू शकतात. दावा सिद्ध करण्यास कागद लागतो. या धाग्यातून एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा.

२४/
हे आत्ताच का सांगायचे? पेठांतील वाडे झपाट्याने जात आहेत. शिवाय डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. तिसरी बंदूक जमा करावी लागली, आणि ती बहुधा वडिलोपार्जित, न वापरलेली जुनीच असते. जमा करण्यात गैर काही नाही. दुःख एवढेच की तिच्याबरोबर तिच्यावरील अक्षरेही नोंद न होता जातात. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, पण म्हणून शस्त्राचा परवाना सुटत नाही. १९५९ च्या शस्त्रकायद्यातील सूट वापरण्याजोग्या न उरलेल्या शस्त्रांपुरती आहे, आणि तो निर्णय आपला नव्हे.

२५/
म्हणून परवानगी आणि पोलिसांची देखरेख असताना इतके करावे. सांगाड्याच्या दोन्ही बाजू, नळी, दस्ता आणि तळपट्टी यांची तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक अक्षर जसे दिसते तसेच उतरवून घ्यावे. चुकलेले, उलटे, अर्धवट असले तरी दुरुस्त करू नये. जुने परवाने आणि पावत्या सांभाळाव्यात. घरातल्या वृद्धांनी सांगितलेली कथा त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवावी. आणि गंज काढण्याच्या उत्साहात खुणा घासू नयेत. बंदुकीवरील नाव किंवा क्रमांक पुसणे हा १९५९ च्या कायद्याच्या आठव्या कलमानुसार गुन्हा आहे. इतिहासाच्या दृष्टीनेही तो गुन्हाच.

२६/
राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. घरोघरी कथा पुष्कळ, अस्सल कागद मात्र उधईच्या तोंडी. त्यांनी कथा हिणविल्या नाहीत, पण कागदाशिवाय मान्यही केल्या नाहीत. आत्याबाईंच्या आजीने वासुदेव बळवंतांचे नाव घेतले, हेही एक सत्य आहे. त्या घरात फडक्यांविषयी कोणती भावना पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, ते त्यातून कळते. रायफलीचे साल ही वेगळी गोष्ट, आणि ते रायफलीलाच विचारावे.

तुमच्या घरी अशी एखादी कथा आहे का? वस्तू नसली तरी चालेल. कथा कोणी सांगितली आणि तिचा कागद कोठे असू शकेल, एवढे खाली लिहा. पुढील धागा त्यांतूनच निघेल.